केतकीचा गळा कोणी बदलला?

सोमवारी संध्याकाळी सात वाजून चौतीस मिनिटांनी शकूताई धनावड्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि त्या म्हणाल्या, "ही ती नव्हे."

"कोण ती?" शेजारच्या नूरबानूने विचारलं. तिचं सगळं लक्ष टीव्हीत होतं.

"गाणारी. ही दुसरीच कुणीतरी गातेय."

टीव्हीवर केतकी विहिरीच्या काठावर बसून गात होती. तीच केतकी, तीच जांभळी साडी, तीच वाटाण्याएवढ्या मोत्यांची नथ. नूरबानूने एकदा केतकीकडे बघितलं, एकदा शकूताईंकडे बघितलं. "अगं, समोर दिसतेय की," ती म्हणाली. "तीच तर आहे."

पुढे दोन महिने बोर्ली पंचतन गावात जे काही झालं, नूरबानूच्या यजमानांचा, जलीलभाईंचा टीव्ही पाच दिवस गुजराती भजनं गात बसला, शकूताईंच्या मुलाची एक रजा गेली, अडतीस वर्षांच्या शेजारात अबोला आला, त्या सगळ्याची सुरुवात या एका वाक्यापासून झाली. आणि ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. शकूताईंचा संताप समजून घ्यायचा असेल तर हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. खोटं बोलून अडचणीत आलेल्या माणसाला निदान आपण खोटं बोललो एवढं तरी समाधान असतं. खरं बोलून अडचणीत आलेल्याने कुठे जायचं?

'सप्तसुरांच्या सासरी' ही मालिका त्या दोघी रोज नूरबानूच्या घरी बघत. उझैरने, म्हणजे नूरबानूच्या मुलाने, दोह्याहून आल्यावर भिंतभर टीव्ही घेऊन दिला होता, आणि शकूताईंच्या घरच्या टीव्हीवर नवऱ्याच्या बातम्यांचा कब्जा होता. मालिकेची कथा अशी. केतकी नावाची गोड गळ्याची मुलगी अशा घरात सून म्हणून येते, जिथे तीस वर्षं गाण्याला बंदी आहे. का, तर सासऱ्यांच्या तरुणपणी गाण्यामुळे काहीतरी भयंकर झालं होतं. काय झालं होतं, ते सहाशे भाग झाले तरी सांगितलेलं नव्हतं. केतकी चोरून गाते. चोरून म्हणजे विहिरीवर, गच्चीवर, गोठ्यात आणि एकदा तर थेट सासऱ्यांच्या दाराबाहेर, सोबत बारा व्हायोलिनं, बासरी आणि ढोलकी. सासऱ्यांना ऐकू जात नाही. मात्र थोरल्या जाऊबाई दोन खोल्या पलीकडे फोनवर कुजबुजल्या, तर तो शब्दन् शब्द त्यांच्या कानी पडतो.

आता शकूताई काही आंधळ्या भक्त नव्हत्या. मालिका रायगडच्या किनाऱ्यावर घडते असं पहिल्या भागात सांगितलं होतं आणि त्याच भागात समुद्रातून सूर्य उगवला होता. बोर्लीची माणसं रोज संध्याकाळी दिवेआगरच्या समुद्रात सूर्य बुडताना बघतात. तो सकाळी तिथूनच परत वर कसा आला, यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. सासूबाई "सुरमई तळतेय" म्हणाल्या तेव्हा तव्यावर पापलेट होतं. केतकीला बाळंत व्हायला नऊच्या जागी चौदा महिने लागले, कारण मध्ये गणपती, दिवाळी आणि संक्रांत विशेष भाग आले. शकूताईंनी हे सगळं माफ केलं होतं. केवळ त्या आवाजासाठी.

तो आवाज मोठा नव्हता. जरासा नाकात होता. तिसऱ्या ओळीच्या आधी ती श्वास घ्यायची आणि तो लपवायची नाही. 'ण' आला की जीभ किंचित रेंगाळायची. भाकऱ्या थापता थापता, घरात आपल्याशिवाय कुणी नाही असं समजून एखादी बाई गाते, तसं ते गाणं होतं. शकूताईंना वाटायचं, ही आपल्याच मागच्या पडवीत बसून गातेय. आणि सोमवारी जी गायली तीही गोडच गात होती. सूर नेमका, ताल नेमका. फक्त त्यात श्वास कुठेच नव्हता, आणि 'ण' तर असा गुळगुळीत गेला की शकूताईंच्या अंगावर काटा आला.

शकूताईंचं आयुष्य आवाजांत गेलं होतं. श्रीवर्धनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या, कानाला हेडफोन आणि हातात वायर असण्याच्या काळात. तालुक्यातलं कोण बोलतंय हे त्यांना 'हॅलो'मधल्या 'हॅ'वर कळायचं. जलीलभाई कुवेतहून फोन करायचे तेव्हा ते नाव सांगायच्या आधीच शकूताई म्हणायच्या, "भाई, सर्दी झालीय का? थांबा, नूरबानूला निरोप धाडते." त्यांच्या कानाबद्दल कुणी शंका घेणं म्हणजे सोनाराला त्याचं सोनं पितळ आहे म्हणण्यासारखं होतं.

आणि ती शंका मंगळवारपासून सगळ्या गावाने घेतली.

"सर्दी झाली असेल तिला," जलीलभाई म्हणाले.

"सर्दीत नाक चोंदतं, भाई. हिचं नाक मोकळं झालंय."

"मग इलाज केला असेल."

मनुबाई मासळी घेऊन दारात आली, तिलाही शकूताईंनी विचारलं. तिने टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवले. "बदलला आसंल. मंग? माझा पन पावसात बदलतो, कोनी इचारत न्हाय. बोंबील घेतेस का न्हाय?"

रावजी, म्हणजे शकूताईंचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले आणि सहसा एका वाक्यात आटपणारे. त्यांनी पेपर खाली न घेता आटपलं. "वय झालं की कान असं करतात."

त्या दिवशी रावजींना आमटीत मीठ मिळालं नाही. ते काही बोलले नाहीत. शकूताईंच्या मते हाच तर त्यांचा दोष होता.

बुधवारी शकूताईंनी वाहिनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, मालिकांसाठी चार दाबा, कौतुकासाठी एक दाबा, तांत्रिक अडचणीसाठी दोन दाबा. रागासाठी काही दाबायची सोय नव्हती. त्यांनी दोन दाबलं. अकरा मिनिटं केतकीचं शीर्षकगीत ऐकवलं गेलं, आणि ते जुन्याच आवाजात होतं! शकूताई फोनवरच ओरडल्या, "हीच! हीच ती!" नेमक्या त्याच क्षणी पलीकडून एका तरुणाने "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" असं विचारलं, त्यामुळे संभाषणाची सुरुवातच चुकीची झाली.

"आवाजाचा प्रॉब्लेम आहे का, मॅडम?"

"हो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"आवाज येतच नाही, की कमी येतो?"

"येतो. पण दुसरीचा येतो."

पलीकडे त्याने संगणकावर काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "मॅडम, आपण एकदा बॉक्स बंद करून चालू करू या."

शकूताईंनी त्याला सगळं पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा बॉक्स बंद करायला सांगितला. शेवटी त्याने तक्रार क्रमांक दिला आणि माणूस येईल म्हणाला. शकूताईंना वाटलं, वाहिनीचा माणूस येणार. त्यांनी मुद्द्यांची यादी केली, रव्याचे लाडू केले.

आला तो श्रीवर्धनचा केबलवाला निकेश, खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन. "आवाज बदललाय अशी कंप्लेंट आहे," तो म्हणाला. शकूताई त्याला टीव्ही होता तिथे, नूरबानूकडे घेऊन गेल्या. जलीलभाई घरी नव्हते, आणि तो आलाच आहे तर बघू दे, असं नूरबानूला वाटलं. निकेशने लाडू खाल्ला, वायर बदलली, मग बॉक्स बदलला. नव्या बॉक्सवर नूरबानूच्या घराचं कनेक्शन चुकून दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढलं. पुढचे पाच दिवस त्या भिंतभर टीव्हीवर गुजराती भजनं आणि स्वयंपाकाची भांडी विकणारा एक गृहस्थ, एवढंच दिसत होतं. त्या पाच दिवसांत भारताचे दोन सामने झाले. जलीलभाई स्वभावाने शांत माणूस, पण दुसऱ्या सामन्याच्या संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "भाभी, तुमच्या त्या बाईचा आवाज बदलला की नाही मला माहीत नाही. माझा मात्र बदललाय." आणि खरंच त्यांचा आवाज बसला होता. मदतकेंद्राशी भांडून.

यानंतर राहुलला कळलं. राहुल हा शकूताईंचा मुलगा, न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कंपनीत, शनिवार-रविवारी घरी येणारा. त्याला रावजींनी सांगितलं, तेही एकाच वाक्यात. राहुलचा चेहरा कनवाळू झाला. मुलाचा चेहरा कनवाळू झालेला बघणं यासारखा अपमान नाही, असं शकूताईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आई, आपण एकदा कान दाखवून घेऊ."

"कान माझे ठीक आहेत. तुम्ही सगळे बहिरे आहात."

"हो गं. पण एकदा दाखवू."

त्याने सोमवारी रजा काढली आणि अलिबागला नेलं. तिथे शकूताईंना फोनच्या बूथसारख्या एका पेटीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि बारीक पीं वाजली की बटण दाबायला सांगितलं. शकूताईंनी पीं तर ओळखल्याच, शिवाय बाहेर आल्यावर त्या परिचारिकेला म्हणाल्या, "तुमचं डावीकडचं यंत्र मध्येच कुरकुरतंय, बघून घ्या." डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. "वयाच्या मानाने उत्तम आहे. वरच्या पट्टीत किंचित कमी, ते साठीनंतर सगळ्यांचंच होतं."

यातलं 'उत्तम' शकूताईंनी ऐकलं आणि 'किंचित कमी' राहुलने ऐकलं. परत येताना गाडीत म्हसळ्यापर्यंत दोघांत तेवढ्यावरच वाद झाला, आणि महिनाभर वापरून बघायला म्हणून आणलेलं कानातलं यंत्र शकूताईंच्या पर्समध्ये पडून राहिलं.

ते त्यांनी दुसऱ्या दिवशी कानात घातलं, तेही केवळ राहुलचा फोन आला तर खोटं बोलावं लागू नये म्हणून. आणि मग बोर्ली पंचतन त्यांच्या कानात शिरलं. रावजींचा पेपर पत्र्यासारखा वाजू लागला. भाजी चिरताना सुरीचा आवाज आला. बाजारातल्या टेम्पोवाल्याने कुणाच्या तरी आईचा उद्धार केला, तोही आला. शकूताई मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेल्या, तेव्हा कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघरातून नूरबानूचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"तिला काही बोलू नका हो. बिचारीच्या डोक्यात बसलंय काहीतरी. एकटी पडते ना दिवसभर. माझ्या खालाचंही असंच सुरू झालं होतं, आधी आवाज, मग माणसं."

शकूताईंनी हातातला टॉवेल पिळला. तो आधीच पिळलेला होता. त्यांनी तो परत पिळला. अडतीस वर्षांत त्या दोघींत भांडणं झाली होती, फणसावरून, कोंबड्यांवरून, एकदा लग्नातल्या आहेरावरून. पण 'बिचारी' हा शब्द कधी मध्ये आला नव्हता. शकूताईंनी यंत्र कानातून काढलं, डबीत घातलं, आणि त्या संध्याकाळपासून नूरबानूकडे जाणं बंद केलं. नूरबानूने कुंपणावरून दोनदा हाक मारली. शकूताईंनी ऐकलं नाही. कान खराब असल्याचा एवढा एक उपयोग त्यांनी करून घेतला.

आता ही लढाई एकटीने लढायची होती. लेखी. मोबाइलवर वाहिनीचा तक्रार अर्ज शोधून त्यांनी दुपारभर तो भरला. मालिकेचं नाव, भाग क्रमांक, वेळ मिनिटं आणि सेकंदांत. शकूताईंकडे सगळं तयार होतं. भाग सहाशे बारा, चार मिनिटं सोळा सेकंद. मग तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. हिंसा. अश्लीलता. प्राण्यांना इजा. अंधश्रद्धेला खतपाणी. इतर. शकूताईंनी 'इतर' निवडलं की अर्ज पुसला जाऊन पहिल्यापासून सुरू व्हायचा. तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि 'अंधश्रद्धा' निवडलं. खाली लिहिलं:

'भाग ६१२ पासून केतकी या स्त्रीच्या तोंडून दुसऱ्याच स्त्रीचा आवाज येत आहे. हाच प्रकार आमच्याकडे घडला असता तर लोकांनी तिला अंगारा लावला असता. पहिल्या स्त्रीचं काय केलंत, याचा खुलासा करावा.'

उत्तर चार सेकंदांत आलं. 'प्रिय शकुंतला, तुमच्या भरभरून प्रेमाबद्दल आभार! तुमचा आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे.'

प्रिय शकुंतला! रावजींनी चाळीस वर्षांत हे धाडस केलं नव्हतं. शकूताईंनी मोबाइल तांदळाच्या डब्यावर इतक्या जोरात ठेवला की आतले तांदूळ हलले. "माझा आवाज मोलाचा," त्या भिंतीला म्हणाल्या. "आणि तिचा?"

यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही. रोज साडेसातला कुंपणापलीकडून तो गुळगुळीत आवाज यायचा आणि शकूताई मिक्सर लावायच्या. घरात एवढी चटणी कधीच झाली नव्हती.

मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या विळीवर नारळ खवत असताना मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. राहुल ओटीवर त्या यंत्राचं माहितीपत्रक मन लावून वाचत बसला होता.

"शकुंतला धनावडे बोलतायत का?"

शकूताईंचा हात खोबऱ्यावर थांबला. 'शकुंतला' नंतर श्वास आला होता. न लपवलेला.

"बोलतेय," त्या म्हणाल्या. "तू कुठे गेली होतीस?"

शकूताई उठून मागच्या पडवीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मुलीचं नाव हेमांगी होतं. डोंबिवलीला राहायची. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एकाने तिला तक्रारीचा फोटो पाठवला होता, नाव आणि नंबरासकट. "ते सगळे हसत होते म्हणे, काकू. अंगाऱ्यावर."

"हसू दे. तू सोडलंस का?"

"मी नाही सोडलं. शेवटी नावं येतात ना, त्यात माझं पण घाला म्हटलं. दोनदा म्हटलं. नंतर बोलावणंच आलं नाही."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच." मग ती हळूहळू बोलू लागली. "मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी गोंधळ होईल. लोक विचारतील. त्या सोमवारी मी फोन हातात घेऊन टीव्हीसमोर बसले होते. एक मेसेज आला नाही, काकू. माझी आई शेजारी बसून बघत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. गाणं संपल्यावर ती म्हणाली, आज छान गायलीस गं."

शकूताईंनी महिनाभर एक भाषण तयार करून ठेवलं होतं. 'मी सांगत नव्हते?' अशी त्याची सुरुवात होती, आणि ते रावजी, राहुल, जलीलभाई, निकेश, डॉक्टर आणि नूरबानू या सगळ्यांसाठी होतं. त्यातला एकही शब्द आता तोंडात येईना. त्या नुसत्या पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कुठे कळलं?" हेमांगीने विचारलं.

"दुसऱ्या ओळीला. 'ण' आला तिथे."

ती हसली, आणि हसता हसता तिला पुढे बोलता येईना. शकूताईंनी तिला वेळ दिला. एक्स्चेंजमध्ये असं बऱ्याचदा व्हायचं. ट्रंक कॉलची तीन मिनिटं निम्मी रडण्यात जायची; अशा वेळी ऑपरेटरने लाइन धरून ठेवायची, बाकी काही करायचं नाही.

"एकच करा, काकू. कुणाला सांगू नका. मी कागदावर सही केलीय. मी गात होते हेही मला सांगता येत नाही."

"घरच्यांना पण नाही?"

"नको. एकाला कळलं की फेसबुकवर येतं."

शकूताईंनी शब्द दिला. दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय दिलं. फोन ठेवून त्या दार उघडून आत आल्या, तर राहुल समोरच उभा.

"कुणाचा फोन?"

"राँग नंबर."

"बावीस मिनिटं?"

"फारच राँग होता," शकूताई म्हणाल्या आणि विळीवर बसल्या. उरलेला नारळ त्यांनी अशा काही तावातावाने खवला की करवंटीचा काळा चुरा खोबऱ्यात पडला.

राग त्यांना आधीही होता, पण तो आपल्या कानासाठी होता. हा वेगळा होता. दुपारभर तो घरात मावेना. संध्याकाळी साडेसातला त्या कितीतरी दिवसांनी कुंपणाचं फाटक उघडून नूरबानूच्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या. नूरबानू चहा घेऊन आली. भाग संपला, नावं धावू लागली.

"चष्मा लाव आणि वाच," शकूताई म्हणाल्या.

"काय?"

"नावं. मोठ्याने वाच."

नूरबानू वाचू लागली. नावं भराभर पळत होती, म्हणून जलीलभाईंनी ती थांबवून थांबवून दाखवली. दागिने. साड्या. केशभूषा. जनरेटर. चहापान. विहिरीची सजावट. बैलजोडी सौजन्य, आणि पुढे बैलांच्या मालकाचं पूर्ण नाव, गावासकट.

"आता मला सांग, यात गाणारी कुठे आहे?"

नूरबानूने परत बघितलं. मग तिसऱ्यांदा बघितलं. नूरबानूला राग उशिरा यायचा, पण आला की तो आधी कानांच्या पाळ्यांवर दिसायचा. पाळ्या लाल झाल्या. "या अल्ला," ती म्हणाली. "बैलवाल्याचं नाव आहे! एवढी दीड वर्षं मी जिच्यासाठी रडले, तिचं नाव नाही?"

"नाही."

"मी त्या नटीला दुवा देत होते!" तिने चष्मा काढला, पुसला आणि जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "शकू, तुझ्या कानाबद्दल मी काही बोलले असेन तर…"

"बोललीस. बिचारी म्हणालीस. स्वयंपाकघरात."

"तू कुठे होतीस?"

"कपडे वाळत घालत होते. राहुलचं यंत्र होतं कानात."

नूरबानूने कपाळावर हात मारला. "पोराने यंत्र आणलं ते आणलं, नेमकं त्याच दिवशी घातलंस," ती म्हणाली, आणि शकूताईंच्या कपात न विचारता अजून चहा ओतला. तेवढ्यावर ते मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून बोर्लीतून मदतकेंद्राला फोन सुरू झाले. शकूताईंनी नियम घालून दिला होता. तक्रार करायची नाही, चिडायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा: गाणारीचं नाव काय? पहिल्या दिवशी सहा जणी होत्या, आठवड्याने तीसेक. मनुबाईने बाजारात बसल्या बसल्या फोन लावला, आणि तो सगळ्या मासळीबाजाराने ऐकला. "गानारीचं नाव काय ता सांग. ठाव न्हाय? मंग इचारून ये. जा. मी थांबते. माझी मासळी हाय बर्फात." उझैरने दोह्यातल्या चार घरांतून फोन करवले. जलीलभाईंनी इंग्रजीत केला. रावजींनीही एकदा केला, आणि अर्थातच एका वाक्यात. मदतकेंद्रातला तो पहिला तरुण शेवटी 'बोर्ली' ऐकलं की नुसतं म्हणायचा, "हो, नाव ना? वर कळवलंय."

अठराव्या दिवशी नूरबानूच्या घरी बारा बायका बसल्या होत्या. भाग संपला. दागिने, साड्या, केशभूषा गेले. आणि बैलजोडीच्या वर, ठळक अक्षरांत एक नवी ओळ आली: 'केतकीचा आवाज – उन्नती चोगले'.

दिवाणखान्यात एकच गलका झाला. मनुबाईने शिट्टी मारली. जलीलभाई पेढ्यांसाठी चप्पल शोधू लागले. नूरबानूने शकूताईंना मिठी मारली, तर तिच्या लक्षात आलं की ही बाई लाकडाच्या ओंडक्यासारखी ताठ उभी आहे.

शकूताई मिठी सोडवून बाहेर ओट्यावर गेल्या. त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"पाहिलंस?"

"पाहिलं, काकू," हेमांगी म्हणाली. "उन्नती म्हणतात होय तिला. मला माहीतच नव्हतं. बरं झालं. निदान तिचं तरी आलं."

"बरं काय झालं?" शकूताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या माडावरचे कावळे उडाले. "यात बरं काय झालं गं?"

पलीकडून नुसता श्वास आला. शकूताईंनी लाइन धरून ठेवली, बराच वेळ. मग फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि त्या आत आल्या.

आत बायका पांगायच्या तयारीत होत्या. "बसा," शकूताई म्हणाल्या. "उद्या परत फोन लावायचेत."

"आता आनि काय?" मनुबाई म्हणाली. "आला की नाव."

"आलं. हिचं आलं, चांगलं झालं, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उद्या विचारायचं, सहाशे अकराव्या भागापर्यंत कोण गात होतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "म्हंजे दोन हायत?" कुणीतरी म्हणालं. शकूताईंनी ओठ घट्ट मिटले होते.

नूरबानूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने काहीही न विचारता चष्मा लावला, मोबाइल उचलला आणि मराठीसाठी एक दाबलं.